डोमाच्या नावे मंजूर झालेले सागवान

तक्रारदार: खाली सही करणार, धंदा अर्जनवीस, शिक्षण मराठी चौथी, बसण्याची जागा कचेरीसमोरील चिंचेखाली, मुक्काम अहेरी, जिल्हा चांदा.

सामनेवाला: डोमा, जात ढिवर, धंदा मासेमारी व उतारू नदीपलीकडे नेणे, मुक्काम ढिवरपुरा, अहेरी. हल्लीचा मुक्काम ठाऊक नाही.

तारीख: माघातला बाजाराचा दिवस, सकाळची वेळ.

तक्रारीचे कारण: सामनेवाल्याने चालू असलेला वाद मध्येच टाकून, तक्रारदारास कोणतीही आगाऊ सूचना न देता, हिवतापाने कायमचे निघून जाणे.

साक्षीदार: पहिली, सामनेवाल्याची बायको सरजा. दुसरा, आलापल्लीपुढील राखीव जंगलाचा नाकेदार. तिसरे, त्या जंगलाच्या हद्दीवर आडवे पडलेले एक सागवान. त्याची जबानी कोणतेही कोर्ट घेणार नाही, परंतु त्याच्यावाचून हे प्रकरण उभेच राहत नाही.

डोमा, आपणांस विदित व्हावे की,

इतके लिहिले आणि टाक थांबला. 'आपण' हा शब्द मी पटवाऱ्यापासून कमिशनरापर्यंत सर्वांना लावला आहे आणि तो कोणालाही सैल झाला नाही. तुला लावला तर तू जिथे असशील तिथे मांडीवर थाप मारून हसशील. सबब पुढील मजकुरात 'तू' लिहीत आहे. त्यामुळे मजकुराचा दर्जा कमी होतो असे मी मानत नाही.

तुझ्या तेरवीला पुष्कळ माणसे जेवली. कोणी म्हणाले डोमा हाताचा मोठा, कोणी म्हणाले डोमाने पुरात माणसे काढली. ते सर्व खरे आहे आणि ते मी लिहिणार नाही. तसल्या गोष्टी कोणाहीबद्दल लिहिता येतात; मी तशी प्रमाणपत्रे पुष्कळांना लिहून दिली आहेत. मला लिहायचे आहे ते दुपारचे. सकाळची मासोळी सरजाच्या टोपलीत टाकून तू माझ्याकडे यायचास, ओले पाय उन्हात पसरायचास आणि म्हणायचास, "वाचा मुन्सीजी, आज कोनाचं रडगानं हाये?" मी लिहिलेला अर्ज मोठ्याने वाचायचो. तुला अक्षर येत नव्हते, परंतु कान असे होते की चूक सुटत नसे.

"थांबा. 'नम्रतापूर्वक' दोनदा आलं."

"अर्जाला वजन लागते, डोमा."

"एकदा वाकला ते पुरे झालं. दुसऱ्यांदा वाकवान तं कंबर मोडन बिचाऱ्याची."

मी रागावून शब्द खोडायचो. कबूल करायला हरकत नाही, अर्ज त्यामुळे सुधारायचा. माझी बायको वारली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी घरात अंग टाकून पडलो होतो, तेव्हा तू दारात येऊन उभा राहिलास. सांत्वनाचा एक शब्द बोलला नाहीस. "कचेरीपुढं तीन गोंड सकाळपासून बसून हायेत. त्यायले माघारी पाठवू का तुमी येता?" एवढेच विचारलेस. मी आलो. लिहिले. वाचले. तू चुका काढल्यास. त्या दुपारचे उपकार मी कोणत्या नमुन्यात लिहावे ते मला आजही कळत नाही.

हल्ली मी अर्ज मनात वाचतो. मनात वाचलेल्या अर्जात सर्व काही बरोबर असते.

आता मूळ प्रकरण. तुझा डोंगा तुझ्या बापाच्या हातचा, एकाच खोडातून कोरलेला. त्याला बुडाशी चीर गेली. राळ भरून, चिंध्या ठोकून तू दोन पावसाळे ढकललेस, पण उतारू पाय वर घेऊन बसू लागले आणि सरजाच्या तोंडाला खळ पडेना. नव्या डोंग्याला मोठे खोड पाहिजे. निस्ताराच्या, म्हणजे जंगलातून घरच्या गरजेपुरते घेण्याच्या, हक्कात गावकऱ्याला बांबू मिळतो, सरपण मिळते, घराला लाकूडफाटा मिळतो. सागवान मिळत नाही. हे तुला मी समजावून सांगितले तेव्हा तू म्हणालास, "सागवान सरकारचं, बांबू आमचा. मंग नदी कोनाची, तेबी लिहून ठेवा एकदा."

गेल्या उन्हाळ्यात वैशाखातल्या वादळाने राखीव जंगलाच्या काठावरचे एक सागवान उपटले. लाकडाच्या लॉऱ्यांवरची माणसे बाजारात सांगू लागली की असे झाड पडताना कोणी पाहिले नसेल, जमीन हलली म्हणून बैल दावे तोडून पळाले. मी तुझ्या नावाने अर्ज टाकला. उत्तर आले की सदर जंगल जुन्या व दुर्मीळ झाडांसाठी राखून ठेवलेले आहे. त्यातील पडलेले झाडसुद्धा जागचे हलवायचे नाही, पडले तिथेच मातीत जाऊ द्यायचे.

"पडल्यावरबी पहारा?" तू विचारलेस.

"नियम आहे."

"मंग माहा डोंगाबी तिथं नेऊन ठेवा. त्यालेबी कोनी हात लावनार नाई."

परंतु लॉरीवाल्यांच्या बोलण्यातून मी एक गोष्ट टिपली होती. झाड मुळातून उपटून हद्दीच्या बाहेर पडले होते. मूळ आत, खोड बाहेर. ज्याला कायदा कळतो त्याला यात काय आहे ते तत्काळ कळेल. मी अपील करायचे ठरवले, आणि अपिलाआधी जागा डोळ्यांनी पाहिली पाहिजे म्हणून दिवाळीनंतर आपण दोघे निघालो.

त्या प्रवासाची तुला आठवण असेल असे मी धरून चालतो. रिकाम्या लॉरीच्या पाठीवर आपण साखळदंडांवर बसलो होतो. आलापल्लीच्या आरागिरणीपाशी लाकडाच्या भुशाचा वास आला तेव्हा तू म्हणालास, "सुख वाटते का हो, एवढं लाकूड पाहून?" मी अपिलाचे पहिले वाक्य जुळवत होतो. पुढे रस्ता अरुंद झाला आणि ऊन हळूहळू नाहीसे झाले. फाटकाशी नाकेदार उभा होता, ब्रह्मपुरीकडचा माणूस, बोलका.

"कुऱ्हाड, कोयता काई असन तं इथी ठेवा. आत लोखंड न्याचं नाई."

"माह्यापाशी काई नाई," तू म्हणालास. "मुन्सीजीच्या खिशात टाक हाये, तो ठेवून घ्या. जास्त झाडं त्यानंच पडतेत."

नाकेदार इतका हसला की त्याची टोपी पडली. मी हसलो नाही. तेव्हा तेवढे हसून घ्यायला पाहिजे होते असे आज वाटते.

आत गेल्यावर मात्र तुझे तोंड बंद झाले. मी तुला सर्व प्रकारच्या साहेबांसमोर पाहिले आहे, तू कोणापुढे गप्प बसला नाहीस. त्या झाडांपुढे बसलास. आपण रोज जे सागवान पाहतो ते म्हणजे या सागवानांची पोरे. चार माणसांनी हात धरले तरी कवेत येणार नाहीत अशी खोडे, सरळ, मधे एक फांदी नाही, आणि पाने इतकी उंचावर की ती दुसऱ्या कोणाची असावीत. मध्ये मध्ये बिजा, ऐन, हळदू. नाकेदार सांगत होता की जिल्ह्यात दुसरीकडे अशी झाडे उरली नाहीत, ती सर्व गाड्यांवर गेली. आपले बोलणे तिथे मोठे वाटू लागले म्हणून तोही हळू बोलू लागला.

पडलेले झाड हद्दीच्या दगडी मुनाऱ्याला घासून बाहेर आले होते. मी दोरीने माप घेतले, दिशा लिहिल्या, मुनाऱ्याचा क्रमांक टिपला. खोडाचा बहुतेक भाग बाहेर होता. जिंकलेले प्रकरण मला वासावरून कळते. मी वळून तुला सांगणार, तर तू खोडाशेजारून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत होतास, तळहात सालीवर ठेवून, जसा तू जनावर विकत घेताना चालायचास.

तुमच्या घरची रीत मला त्याच दिवशी कळली. डोंग्याचे लाकूड तोडण्यापूर्वी त्याच्या धन्याने त्या लाकडाला पाठ टेकून घरचे जेवण जेवायचे. जेवण गेले तर लाकूड आपले. नाही गेले तर उठून यायचे. सरजाने दोघांपुरते बांधून दिले होते, भात आणि सुक्या झिंग्यांची चटणी. मी माझे मुरमुरे-फुटाणे आणले होते आणि तेच खाल्ले. दुसऱ्याच्या घरचे गाठोडे सोडून खाण्याची मला सवय नव्हती. तू पाठ टेकलीस, फडके सोडलेस, घास केलास. तो बराच वेळ हातात राहिला. मग तू तो परत भातात ठेवलास.

"नाई जाऊन राह्यला घास."

"ताप आहे काय?"

"ताप नाई. हे माहं नाई, मुन्सीजी."

"हे खोड हद्दीबाहेर आहे, डोमा. कायद्याने..."

"असन बाहेर. एवढ्या झाडातून माहा एक डोंगा काढाचा म्हंजे हत्ती मारून चप्पल शिवाची. सोडून द्या. मी दुसरं पाहीन कुठी तरी."

"दुसरे मिळत नाही म्हणून तर इथवर आलो."

"मंग नाई मिळालं असं समजा."

लॉरीवर परत येताना आपण भांडलो, उतरल्यावर भांडलो, आणि पुढे सबंध थंडी चिंचेखाली भांडलो. तू म्हणायचास, अर्ज मागे घ्या. मी आयुष्यात एकही अर्ज मागे घेतलेला नाही. "नाव तं माहं हाये ना कागदावर?" तू विचारलेस. मी म्हणालो, "अंगठा तुझा आहे. अर्ज माझा आहे." हे वाक्य मी आजही मागे घेत नाही. त्यावर तुझे उत्तर यायचे होते. तू तोंड उघडले होतेस, तेवढ्यात पलीकडून कोणी उतारूने हाक मारली आणि तू नदीवर गेलास.

मग थंडी वाजून ताप भरू लागला. मी खाटेशी येऊन बसायचो. तू गेलास त्याच्या आदल्या दिवशी तुझे दात वाजत होते, तरी तू मला विचारलेस, "आला का निकाल?"

"येईल."

"एक डाव हरून पाहा, मुन्सीजी. मजा येते."

सरजा म्हणाली, "बोलू नका, पडा." तू पडलास. एवढेच आपले शेवटचे बोलणे झाले. एखाद्या शहाण्या माणसाने शेवटी काही उपदेश केला असता. तू तेवढ्यातही माझी थट्टा करून गेलास, याबद्दल माझी स्वतंत्र तक्रार नाही.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी हुकूम आला. अपील मंजूर. अर्जदार डोमा यास हद्दीबाहेर पडलेल्या सागवानाचे खोड डोंग्याकरिता उचलण्याची परवानगी देण्यात येत आहे, महिन्याच्या आत उचलावे. भाषा जवळपास माझीच होती. साहेबांनी माझी वाक्ये जशीच्या तशी उचलली होती. मी तो कागद मोठ्याने वाचला. चिंचेखाली ऐकायला कोणी नव्हते. शेजारच्या पानवाल्याने मान वर करून पाहिले आणि पुन्हा सुपारी कातरू लागला.

डोमा, मी जिंकलो. मला कोणी सांगितले नव्हते की जिंकल्यावर इतके गप्प होते.

हुकूम घेऊन मी सरजाकडे गेलो. वाचून दाखवला. तिने विचारले, "त्यायचं नाव हाये कागदावर अजून?"

"आहे."

"मंग सरकारात जित्ते हायेत." असे म्हणून तिने पदर तोंडाला लावला. थोड्या वेळाने काढला. मी तिला सांगितले की डोमाची इच्छा नव्हती, सबब हा हुकूम परत करणे मला योग्य दिसते. तेव्हा ती जे बोलली ते मी अक्षरशः लिहितो, कारण साक्षीदाराची जबानी बदलायची नसते.

"मुन्सीभाऊ, तुमी मेल्या मानसाले इचारून राह्यले. मले कोन इचारन? जुना डोंगा फुटला, त्याच्यात पानी भरते. माहा भाऊ याले तयार हाये, तो मासोळी मारन, मी इकन. त्यायची जेवनाची वासना उडाली तिथं. माही नाई उडाली. मले रोज दोन टाइम लागते."

"पण घरची रीत..."

"रीत कराची तं करा. मी बाईमानूस, दुखवट्यातली, जंगलात जात नाई. भाऊ आला नाई अजून. अर्ज तुमी केला, तं जेवनबी तुमीच करा."

दुसऱ्या सकाळी तिने गाठोडे बांधून दिले. भात आणि सुक्या झिंग्यांची चटणी. या वेळी मी मुरमुरे नेले नाहीत.

लॉरीच्या पाठीवर साखळदंडांवर मी एकटा बसलो. फाटकाशी नाकेदाराने दुरूनच ओरडून विचारले, "आज डोमाभाऊ नाई? भांडन कोनासंगं करता मंग?" मी म्हणालो, "आला नाही." खरे सांगायचे माझ्या तोंडून निघाले नाही. त्यानंतर तो फेरीला निघून गेला आणि मी आत गेलो.

सागवानांची पाने गळू लागली होती. तू ते पाहिलेले नाहीस म्हणून लिहितो. एवढाले पान इतक्या उंचीवरून निघते, वाटेत फांद्यांवर आपटत येते आणि पडते तेव्हा कोणी माणूस आला असे वाटते. मी प्रत्येक वेळी वळून पाहिले. बऱ्याच वेळाने सवय झाली, परंतु वळणे सुटले नाही. उभ्या झाडांच्या मधून चालताना मला असेही वाटले की ही झाडे इतकी मोठी झाली ती एकमेकांना सोडून उभी राहिली म्हणून. पण त्यांच्या मुळांचे काय चालते ते वरून दिसत नाही, तेव्हा यावर मी मत देत नाही.

खोडाला पाठ टेकली. साल गार होती. गाठोडे मांडीवर ठेवून मी ठरवले होते की माझ्याही घशाखाली घास उतरणार नाही. तुझ्या शेजारी इतकी वर्षे बसलो, तुझ्या जाण्याचे दुःख झाले आहे, तेव्हा उतरू नये हेच रास्त होते. घास उतरला नाही म्हणजे सरजालाही उत्तर मिळेल, हुकूम परत जाईल, तू जिंकशील. सर्व बाजूंनी मी ते प्रकरण तयार ठेवले होते.

पहिला घास गेला. दुसरा गेला. मीठ अगदी बेताचे होते, चटणीत लसूण जास्त होता, आणि भात अजून किंचित कोमट होता. मी खात राहिलो. बायको गेल्यापासून माझ्या एकट्यासाठी कोणी गाठोडे बांधले नव्हते, हे मला ते सोडेपर्यंत माहीत नव्हते. मी फडक्याला चिकटलेली शितेसुद्धा वेचून खाल्ली. मग तिथेच, पोट भरलेल्या अवस्थेत, मला रडू आले. पाने पडत होती, म्हणून मी मोकळेपणाने आवाज काढला.

आता निष्कर्ष काय? रीतीप्रमाणे लाकडाने होकार दिला. परंतु तो कोणाला दिला? तू त्याचा धनी, तुला नकार दिला होता. मी धनी नव्हे. शिवाय मी उपाशी होतो, एकटा होतो आणि स्वयंपाक चांगला होता. अशा माणसाचे जेवण पुराव्यात धरता येईल काय? समोरच्या पक्षाचा वकील असतो तर मीच ही साक्ष उडवून लावली असती. हा विचार मी परतीच्या सबंध वाटेवर केला, आणि सवयीने दर वेळी बाजूला पाहिले, तुझे म्हणणे ऐकायला.

सरजाने रिकामे फडके झटकून पाहिले. "झालं. आना लाकूड."

"सरजाबाई, मी भुकेला होतो."

"मंग कोन जेवते? पोट भरलेला?"

येत्या सोमवारी करवतवाले जाणार आहेत. सरजाचा भाऊ आला आहे; मुलगा कामाचा दिसतो, फारसा बोलत नाही. त्या वेळी नाकेदाराला खरे सांगावे लागेल; तो पंचनामा करील आणि अर्जदार हयात नसल्याने सरजाच्या वतीने सही मी करायची आहे. तशी तयारी मी केली आहे. टाक नवा घेतला आहे.

सबब या तक्रारीद्वारे मागणे असे:

मुदतीत उत्तर न आल्यास आपली संमती आहे असे समजण्यात येईल, हे वाक्य मी आजवर असंख्य अर्जांच्या तळाशी लिहिले. या अर्जास ते लागू नाही. तू संमती देताना कधी गप्प बसला नाहीस, नकार देताना तर नाहीच. तेव्हा तुझे गप्प बसणे हे कोणत्याही बाजूचे उत्तर म्हणून मला मान्य नाही.

तुझा नकार कायम असल्यास सोमवारी करवत लागण्यापूर्वी कळवावे. मी हुकूम फाडीन, सरजाची बोलणी खाईन, तिच्या डोंग्याकरिता दुसऱ्या लाकडाचा नवा अर्ज लिहीन, आणि भर बाजारात उभा राहून सांगीन की डोमाच्या पुढे मी हरलो. त्यात मजा येते की कसे, तेही मग पाहून घेईन. नकार न आल्यास मी सही करीन, कारण सरजाला रोज दोन वेळा लागते आणि तिच्या म्हणण्यात मला दोष काढता आला नाही.

तुझे उत्तर 'होय' असेल तरीही ते कळवावे. कोणताही निकाल मला चालेल. मात्र तो तुझ्या आवाजात यावा, आणि त्यासोबत माझ्या या अर्जातल्या चुका काढलेल्या असाव्यात. त्याशिवाय तो तुझाच आहे असे मला धरता येणार नाही.